गांजाचे झाड, यीस्टची टाकी आणि मालकीचा प्रश्न

(कुपवाड येथे कामगार व ऊसउत्पादक शेतकरी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फेब्रुवारी २०२४ मध्ये कुपवाडचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले, ते येथील कामगारांच्या कौशल्यामुळे नव्हे. पुणे पोलिसांनी येथे धाड घालून मेफेड्रोन या अमली द्रव्याचा मोठा साठा हस्तगत केला, आणि त्याचे धागेदोरे दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचले. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे मुंबई पोलिसांनी असाच उद्योग उघडकीस आणला. त्या काळात जिल्ह्यात चर्चा झाली ती गुन्हेगारीची, पोलिसांच्या कर्तबगारीची आणि तरुण पिढी बिघडल्याची. ती व्हायलाच हवी होती. पण त्या गदारोळात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. मेफेड्रोनला झाड लागत नाही, शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. चार भिंती, काही रसायने, एक भट्टी आणि ती चालवणारा माणूस एवढ्यावर ते तयार होते. अमली पदार्थ म्हटला की शेतातले झाड डोळ्यांपुढे आणायचे, ही सवय कायद्याला आणि समाजाला फार जुनी आहे. वस्तुस्थिती मात्र शेत सोडून केव्हाच टाकीकडे निघून गेली आहे.

आज बोलायचे आहे ते मेफेड्रोनविषयी नव्हे. तो सरळसरळ गुन्ह्याचा प्रश्न आहे. येथे विचार करायचा आहे तो गांजाच्या झाडातील औषधी द्रव्यांचा, ती झाडावाचून बनवण्याच्या नव्या विद्येचा, आणि त्या विद्येचा सांगली-साताऱ्याच्या ऊसकऱ्याशी व कामगाराशी जो संबंध येतो त्याचा. पहिल्या ऐकण्यात हा संबंध ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. तो तसा नाही, कारण ही नवी टाकी ज्या अन्नावर जगते ते अन्न साखर आहे.

प्रथम झाडाची हकीकत. गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत राळेसारखा चिकट द्रव साठतो. या द्रवात शंभराहून अधिक निरनिराळी द्रव्ये आढळली आहेत. त्यांना कॅनाबिनॉइड असे सामुदायिक नाव आहे. नशा आणणारे ते टीएचसी, आणि नशा न आणता अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांत उपयोगी पडणारे ते सीबीडी. या दोहोंचा उलगडा इस्राएलचे शास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांनी १९६३ आणि १९६४ साली केला. त्यांच्या संशोधनाला लागणारा चरस पोलिसांनी जप्त केलेल्या मालातूनच मिळाला होता. जप्त मालाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

या दोन थोरल्या भावंडांखेरीज सीबीजी, सीबीसी, टीएचसीव्ही अशी धाकटी भावंडे आहेत. त्यांना दुर्मीळ म्हणतात ते अशासाठी की सर्वसाधारण झाडात त्यांचे प्रमाण शेकड्याला एकाहूनही कमी असते. त्यातही सीबीजीची कथा चमत्कारिक आहे. तिचे आम्लरूप हे बाकी सगळ्यांची जननी होय. झाड कोवळे असताना ते तयार होते, आणि झाड वाढत जाते तसे झाडातील विकरे त्याचे टीएचसी किंवा सीबीडी यांच्या आम्लांत रूपांतर करून टाकतात. फुलोरा पिकेपर्यंत जननी जवळजवळ संपलेली असते. म्हणून ही द्रव्ये झाडातून काढायची तर ढिगांनी फुलोरा पिकवावा लागतो, तो द्रावकांत किंवा दाबाखालच्या कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये बुडवून अर्क काढावा लागतो, आणि त्या अर्कातून हवे ते चिमूटभर द्रव्य वेगळे करावे लागते. सीबीजी अधिक देणारी झाडेही पैदासकारांनी तयार केली आहेत. तरीही हा मार्ग खर्चाचाच राहिला.

यावर तोडगा निघाला तो यीस्टमधून. कॅलिफोर्नियातील बर्कले येथील जे कीसलिंग यांच्या प्रयोगशाळेने २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात असे जाहीर केले की, ज्या यीस्टने पाव फुगतो आणि ज्या यीस्टने डिस्टिलरीत मळीचा मद्यार्क होतो, त्याच यीस्टमध्ये गांजाच्या झाडातील व अन्य जीवांतील जनुके बसवून तिच्याकडून साध्या शर्करेपासून कॅनाबिनॉइड बनवून घेता येतात. त्या वेळचे उत्पन्न अगदी क्षुल्लक होते. टीएचसीचे आम्ल मिळाले ते लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम. पण तत्त्व सिद्ध झाले होते, आणि भांडवल तर त्याही आधीच धावले होते. कॅनडातील क्रोनोस या कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्येच अमेरिकेच्या जिंको बायोवर्क्स कंपनीशी आठ कॅनाबिनॉइडांसाठी करार केला होता. शुद्ध द्रव्य किलोमागे एक हजार डॉलरहून कमी खर्चात काढावयाचे, हे त्यातील उद्दिष्ट होते. कीसलिंग यांनी स्वतः डेमेट्रिक्स ही कंपनी काढली. अमायरिस या दुसऱ्या कंपनीने २०२१ मध्ये यीस्टने बनवलेले सीबीजी बाजारात आणले.

या द्रव्यांचे औषधी गुण किती सिद्ध झाले आहेत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण या विषयात भोंदूगिरीला मोठा वाव आहे. सीबीडीचे एपिडायोलेक्स हे औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्यता पावले, ते लहान मुलांतील अपस्माराच्या दोन भयंकर प्रकारांसाठी, रीतसर चाचण्या होऊन. दुर्मीळ द्रव्यांच्या बाबतीत अशा मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. सीबीजीने झोप लागते, टीएचसीव्हीने वजन उतरते अशा ज्या जाहिराती पाश्चात्त्य बाजारात दिसतात, त्यांचा पाया अजून कच्चा आहे. तेव्हा उद्या एखाद्याने कुपवाडच्या चौकात 'दुर्मीळ गांजाद्रव्याचे तेल' विकायला ठेवले, तर त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाने बजावावा. परंतु सिद्ध झालेल्या औषधाचीही दुसरी बाजू पाहा. एपिडायोलेक्स बाजारात आले तेव्हा अमेरिकेत त्याची एका वर्षाची छापील किंमत सुमारे साडेबत्तीस हजार डॉलर होती. मिरजेच्या रुग्णालयांत झटके येणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन जत-आटपाडीहून एसटीने येणारी आई या आकड्यापुढे कोठे उभी राहील, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

आता कायद्याकडे वळू. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने भारतीय गांजा-चरस-भांग यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने गावोगाव साक्षी घेतल्या आणि माफक सेवनाने विशेष हानी होत नाही, संपूर्ण बंदी घालू नये, असा निष्कर्ष काढला. अर्थात त्यामागे रयतेच्या प्रकृतीची काळजी किती आणि अबकारी उत्पन्नाची किती, याचा हिशेब सुज्ञांनी करावा. त्या काळी मुंबई इलाख्यात गांजाचे पीक मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होत असे, मध्य प्रांतात निमाड-खांडव्याकडे, आणि बंगालमध्ये नौगावला. नौगावची हकीकत सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या या मुलखाला ठाऊक असायला हवी. तेथील गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी १९१७ साली आपली सहकारी संस्था स्थापन केली, व्यापाऱ्याला बाजूला सारले आणि नफ्यातून शाळा व दवाखाने चालवले. १९८७ मध्ये बांगलादेशात ही लागवड बंद होईपर्यंत ते पीक तेथे सरकारी परवान्याने निघत होते. गांजा चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवला, तरी एका बदनाम पिकाच्या मूल्यावर पिकवणाऱ्याचा ताबा राहू शकतो, हे त्या शेतकऱ्यांनी दाखवून दिले.

स्वतंत्र भारताने १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि १९८५ मध्ये अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कडक कायदा केला. या कायद्याने गांजाची व्याख्या केली ती झाडावरून. झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, झाडाची राळ म्हणजे चरस, झाडाचा अर्क म्हणजे औषधी गांजा. विनापरवाना झाड लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम १४ मध्ये तंतू व बियाणे यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये तिचा उपयोग केला, आणि हिमाचल प्रदेशाच्या विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. महाराष्ट्रात मात्र चित्र जुनेच आहे. शिरपूरच्या डोंगराळ भागात वनजमिनीवरचा गांजा उपटल्याच्या, किंवा उसाच्या फडात लपवून लावलेली झाडे पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या नेमाने येतात. पकडला जातो तो बहुधा दोन एकरांचा धनी किंवा त्याचा वाटेकरी. खरेदीदाराचे नाव बातमीत क्वचितच असते.

या कायद्याला यीस्टची टाकी दाखवली तर काय होईल? टीएचसी हे द्रव्य अनुसूचीत नावानिशी आहे, म्हणून ते कशापासूनही बनवले तरी गुन्हाच. पण सीबीजी किंवा सीबीसी यांची नावे अनुसूचीत नाहीत. ही द्रव्ये झाडातून काढली तर तो झाडाचा अर्क ठरतो आणि शेतकरी अडकतो. यीस्टमधून काढली तर झाडाचे पानही मध्ये येत नाही, आणि कायद्याचा शब्दशः अर्थ लावला तर कारखानदार मोकळा राहतो. रेणू तोच, गुण तोच, बाटली तीच. भेद एवढाच की एकाच्या मागे शेत आहे आणि दुसऱ्याच्या मागे भांडवल. शिवाय यीस्टमधील एका विकराची अदलाबदल केली की सीबीजीऐवजी टीएचसी निघू लागते. कुरकुंभ आणि इरळीचा अनुभव घेतलेल्या जिल्ह्याला यातला धोका वेगळा समजावून सांगायला नको. झाड दुरून दिसते, टाकी दिसत नाही. म्हणजे जो दिसतो त्याला कायदा धरतो आणि जो दिसत नाही त्याच्याकडे पाहण्यासाठी त्याच्याजवळ पुरेसा डोळाच नाही.

भेदाचे दुसरे टोक पेटंटच्या कायद्यात सापडते, आणि त्याची चर्चा तर मुळीच होत नाही. भारताचा १९७० चा पेटंट कायदा हा या देशातील पुरोगामी कायद्यांपैकी एक. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली त्यात दुरुस्त्या झाल्या. २००२ च्या दुरुस्तीने असे ठरले की झाडे, बियाणे, वाणे, प्राणी यांच्यावर पेटंट मिळणार नाही. सूक्ष्मजीव मात्र या मनाईतून वगळले. अमेरिकेत हे दार १९८० मध्ये उघडले होते, तेलावर जगणाऱ्या जीवाणूच्या खटल्यात. तो जीवाणू घडवणारे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती हे मूळचे बंगालचे. परिणाम असा की गांजाचे झाड, जे शेकडो वर्षे हिमालयातील आणि दख्खनमधील शेतकऱ्यांनी निवडून, जोपासून आजच्या रूपाला आणले, ते कोणाच्या मालकीचे होऊ शकत नाही. पण त्याच झाडाची जनुके जिच्यात बसवली ती यीस्ट मालकीची होऊ शकते. शेतकऱ्याचे शहाणपण सार्वजनिक, आणि कंपनीने त्यावर चढवलेला शेवटचा हात खाजगी. जनुकांच्या माहितीच्या वापरातून काही वाटा मूळ देशांना व समाजांना द्यावा म्हणून कोलंबियातील काली येथे २०२४ च्या जैवविविधता परिषदेत एक निधी ठरला खरा, पण त्यात पैसे घालणे कंपन्यांच्या मर्जीवर आहे. मर्जीवर सोडलेल्या देण्याचा अनुभव सावकारीच्या काळापासून महाराष्ट्राला पुरेसा आहे.

येथे कोणी म्हणेल, समाजवाद्यांनी विज्ञानाला विरोध करू नये. तो विरोध नाहीच. एखादे औषध शेकडो एकर आणि पिंपेभर द्रावके यांच्याऐवजी एका स्वच्छ टाकीत, ऋतूची वाट न पाहता, एकसारख्या गुणाचे तयार होणार असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पेनिसिलिन टाकीतच तयार होते आणि त्याने लक्षावधी प्राण वाचवले. प्रश्न इतकाच की झाडाची जागा टाकीने घेतली तेव्हा तोटा कोणाच्या पदरात पडला आणि नफा कोणाच्या.

याचे सर्वांत बोलके उदाहरण चंपारणचे. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये रासायनिक नीळ बाजारात आणली आणि बिहारच्या निळीचा भाव कोसळला. आता निळीच्या सक्तीतून रयत सुटली असेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. एक बिघा म्हणजे वीस कठ्ठे, त्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची जी सक्ती कुळांवर होती, तिच्यातून मुक्त करण्याबद्दल मळेवाल्यांनी कुळांकडूनच किंमत वसूल केली. कोठे खंड वाढवला, त्याला शरहबेशी म्हणत. कोठे रोख रक्कम उपटली, तिला तावान म्हणत. शोध जर्मनीत लागला, नुकसान गोऱ्या मळेवाल्यांचे होते, आणि ते भरून दिले चंपारणच्या कुळाने. गांधीजी १९१७ मध्ये तेथे गेले ते या पार्श्वभूमीवर. त्या लढ्याची आठवण निळीच्या जुलमाविरुद्धचा सत्याग्रह अशी काढली जाते, पण नव्या तंत्राचा तोटा कष्टकऱ्याच्या माथी मारण्याविरुद्धचा तो लढा होता, हे फारसे सांगितले जात नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. हिवतापावरील आर्टेमिसिनिन हे द्रव्य चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील लहान शेतकरी एका वनस्पतीपासून पिकवतात. याच कीसलिंग यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या पैशाने ते यीस्टमधून काढण्याची वाट शोधली, आणि सनोफी कंपनीने २०१३ मध्ये इटलीत त्याचे मोठे उत्पादन सुरू केले. पण झाडाच्या मालाचा भाव तोपर्यंत इतका उतरला की टाकीचा माल महाग ठरला, आणि कंपनीने तो कारखाना विकून टाकला. म्हणजे टाकी नेहमी जिंकतेच असे नाही. मात्र झाडाचा विजय म्हणजे काय, तर शेतकऱ्याने आणखी कमी भावात माल दिला, एवढेच. अमायरिस कंपनीही ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. त्याआधी अमेरिकेतील केंटकी वगैरे राज्यांत सीबीडीच्या लाटेवर स्वार होऊन शेतकऱ्यांनी २०१९ मध्ये बेसुमार भांग लावली, भाव गडगडले, आणि तेथील एक मोठी प्रक्रिया-कंपनी २०२० च्या आरंभी दिवाळखोरीत निघाली. ज्यांना गांजाच्या कायदेशीर शेतीत शेतकऱ्याचा उद्धार दिसतो त्यांनी हे प्रकरण डोळे उघडे ठेवून वाचावे. कांद्याचा आणि टोमॅटोचा भाव ज्याने पाहिला आहे त्याला त्यात नवे काही आढळणार नाही.

आता सांगलीचा हिशेब. यीस्टला साखर लागते आणि साखर येथे आहे, तेव्हा या उद्योगाचा लाभ ऊसकऱ्याला होईल, असा युक्तिवाद उद्या केला जाईल. इथेनॉलच्या वेळी तो झालाच होता. तो आकड्यांनी तपासून पाहावा. धरून चालू की शंभर किलो साखरेतून एक किलो दुर्मीळ द्रव्य निघेल. धरून चालू की साऱ्या जगाला त्याची वर्षाला पन्नास टन गरज लागेल. तर साखर लागली पाच हजार टन. रोज पाच हजार टन ऊस गाळणारा एक कारखाना अकरा टक्के उताऱ्याने दिवसाला साडेपाचशे टन साखर काढतो. म्हणजे साऱ्या जगाची ही गरज कृष्णाकाठचा एक कारखाना नऊ-दहा दिवसांत भागवील. किमतीचा हिशेब याहून बोलका आहे. शंभर किलो साखरेचे किलोला चाळीस रुपये दराने चार हजार रुपये होतात. तयार द्रव्याची किंमत त्या हजार डॉलरच्या उद्दिष्टाइतकी खाली आली, तरी एका किलोचे ऐंशी हजार रुपयांहून अधिक होतात. हे आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत, पण त्यांतले प्रमाण फारसे बदलणार नाही. ऊसकऱ्याच्या हातात विसातला एक हिस्सा, आणि तोही कारखाना, बँक आणि तोडणी-वाहतूक यांची वजावट होण्याआधीचा. मूल्य साखरेत नाही, ते यीस्टमध्ये आहे.

टाकीला जमीन लागत नाही असे जे म्हटले जाते तेही अर्धसत्य आहे. साखर जमिनीतूनच येते, आणि पाणी पिऊन येते. म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी जत तालुक्यातल्या गावांनी किती वर्षे वाट पाहिली हे येथे बसलेल्यांना माहीत आहे. पण हा प्रश्न स्वतंत्र भाषणाचा आहे.

गांजाचे कोणाला सोयरसुतक नसेल तर हळदीचे तरी असावे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या राजापुरी हळदीने या शहराची पेठ उभी केली, आणि २००५ च्या महापुरात ती पेवे पाण्याखाली गेली तेव्हा शहराने हळहळ व्यक्त केली. हळदीचे औषधी सत्त्व करक्युमिन. तेही प्रयोगशाळेत जीवाणूंकडून बनवून घेण्यात आले आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढून ते १९९७ मध्ये रद्द करवले. आजीबाईच्या बटव्यातले ज्ञान पुरावा म्हणून उभे राहिले. पण उद्या कोणी करक्युमिन गाळणाऱ्या सूक्ष्मजीवावर पेटंट घेतले, तर आजीचा बटवा तेथे उपयोगी पडणार नाही, कारण तो सूक्ष्मजीव खरोखरच नवा असेल. हळदीच्या लढाईतला विजय पुढच्या लढाईत जसाच्या तसा कामाला येणार नाही, याची जाणीव सांगलीच्या पेठेला अद्याप झालेली दिसत नाही.

तर मग हाती काय आहे? पुष्कळ आहे, पण ते वापरले जात नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने. सूक्ष्मजीव, मोठाल्या टाक्या, त्या चालवणारे मराठी कामगार आणि देशाच्या मालकीचे ज्ञान, असे सर्व तेथे एका छपराखाली होते. पुढे सार्वजनिक क्षेत्राची हेळसांड झाली, चीनचा स्वस्त माल आला, आणि ज्या देशाने स्वतः पेनिसिलिन बनवले होते तो त्याच्या मूळ द्रव्यासाठी परावलंबी झाला. २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांच्या मूळ द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना काढली, आणि पेनिसिलिनचे उत्पादन पुन्हा देशात सुरू झाले ते काकीनाड्याला, खाजगी कंपनीच्या टाकीत. आधी स्वतःची टाकी गंजू द्यायची आणि नंतर दुसऱ्याच्या टाकीला जनतेचे पैसे द्यायचे, या धोरणाला आर्थिक शहाणपण म्हणण्याची प्रथा पडली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जैव-उत्पादनासाठी बायोई-थ्री या नावाचे धोरण मंजूर केले. त्यातील तीन 'ई' अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार यांच्यासाठी आहेत. मालकीसाठी त्यात अक्षर उरलेले नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून आहे. मांजरीला वसंतदादा साखर संस्था आहे, तिच्याजवळ मळीपासून मद्यार्क बनवण्याचा अनुभव आहे, आणि ती चालते ऊसकऱ्याच्याच पैशाने. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत गांजाच्या औषधी उपयोगावर परवान्याने काम चालू आहे. या तीन ठिकाणचे ज्ञान एकत्र आणून औषधी द्रव्ये देणारी यीस्ट सार्वजनिक मालकीची ठेवता येईल आणि सहकारी कारखान्यांना ती माफक शुल्काने देता येईल. हे स्वप्नरंजन नव्हे. कायद्यातही मार्ग आहे. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकाने कर्करोगावरील एका औषधासाठी सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचे औषध आठ हजार आठशे रुपयांत उपलब्ध करायला लावले. हे कलम आजही कायद्यात आहे. ते पुन्हा वापरण्याचे धैर्य त्यानंतरच्या सरकारांनी दाखवलेले नाही.

सहकाराचे नाव घेताना मात्र स्वतःची फसवणूक करू नये. राज्यातील कित्येक सहकारी साखर कारखाने कर्जात बुडून खाजगी कंपन्यांकडे भाड्याने गेले किंवा विकले गेले, आणि वसंतदादांनी सांगलीत उभा केलेला कारखानाही २०१७ पासून भाडेपट्ट्याने चालवायला देण्यात आला. सभासदाचा शेअर कपाटात आणि ताबा दुसऱ्याच्या हातात, अशा सहकाराला उद्याची यीस्ट दिली तर ती कोणाची होईल हे सांगायला ज्योतिषी नको. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली आणि पुढल्या वर्षी ती उठवली. कोणत्या टाकीत साखर जायची हे दिल्ली एका रात्रीत ठरवू शकते, हे त्यातून दिसले. मग त्या टाकीतील नफ्याचा किती भाग उसाच्या दरात धरावा हेही तिला ठरवता येईल. मळी आणि मद्यार्क यांच्या उत्पन्नातील वाट्यासाठी शेतकरी संघटना ज्या आग्रहाने भांडल्या, तोच आग्रह या पुढच्या उत्पादनांसाठी आताच धरला पाहिजे, कारण ती येऊन स्थिरावल्यावर सूत्र बदलणे फार अवघड जाते.

कामगारांपुढचा प्रश्न वेगळा आहे. अशी टाकी शेकडो माणसांना काम देत नाही. ती चालवायला यंत्रावरच्या आकड्यांकडे पाहणारे, नमुने तपासणारे आणि टाक्या निर्जंतुक करणारे थोडे लोक लागतात. पहिले दोन कायम असतात, तिसरे कंत्राटी. कुपवाड आणि मिरजेच्या वसाहतींतील कामगार संघटनांनी या तिसऱ्या माणसाची नोंद आतापासून ठेवावी. बंद टाकीत उतरून ती साफ करणारा गुदमरून गेल्याची बातमी महाराष्ट्रात दर वर्षी कोठून ना कोठून येते. रिकामी पडलेली शेड कोणी भाड्याने घेतली, रात्रीच्या पाळीला काय शिजते आणि कामावर आणलेली परप्रांतीय पोरे कोणाच्या नावावर आहेत, हेही पोलिसांआधी शेजारच्या शेडमधल्या कामगाराला कळते. औद्योगिक विकास महामंडळाच्या दप्तरात प्रत्येक भूखंडाची आणि त्याच्या वापराची नोंद असते. ती पाहायला मागण्याचा अधिकार २००५ पासून कोणाही नागरिकाला आहे, आणि अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.